एका सांगण्यात एकच थाप

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. 'जुना' म्हटल्यावर लगेच चेहरे पाडू नका. मला कुणाची कीव नको. माझं एक बटण तुटलं आहे, हँडल सुतळीने बांधलं आहे आणि आवाज सर्दी झाल्यासारखा येतो; पण माझ्या वाट्याला जे आयुष्य आलं, ते पुष्कळ माणसांच्याही वाट्याला येत नाही. म्हणून हे गाऱ्हाणं नाही, आभार आहेत. मध्येच राग येईल, तेवढा सोसा.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब बाकावर झाला. ओळीने बसलेल्या बायकांनी चिमट्याने एकेक तार माझ्या पोटात बसवली. शेवटच्या बाईचं काम मला तपासण्याचं. ती दिवसभर प्रत्येक यंत्रासमोर "एक, दोन, तीन" म्हणायची. माझ्यासमोर मात्र म्हणाली, "एक, दोन, तीन... पाय दुखले गं बाई माझे!" जगात मी साठवलेलं पहिलं वाक्य ते. माणसाला आकड्यांपेक्षा स्वतःचं काहीतरी सांगायचं असतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

दहा वर्षं एकही अपघात न करता बस चालवली म्हणून एका ड्रायव्हरला मी बक्षीस मिळालो. साहेबांनी भाषणात त्याचं नाव चुकीचं घेतलं, पण मी बरोबर माणसाच्या घरी पोचलो. घरात चौघं. बाबा, कपडे शिवणारी आई, दहा वर्षांची ताई आणि चार वर्षांची धाकटी. धाकटी एका जागी टिकायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

वर्षातून एकदा हे कुटुंब पाच दिवस फिरायला जाई, आणि मीही जाई. बसमध्ये बाबा प्रवासी म्हणून बसत, तरी प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायचा. आई म्हणायची, "अहो, पाय आवरा. त्याची गाडी त्याला चालवू द्या!" आईची खोड वेगळी होती. कुणाच्या अंगावर चांगली शिवण दिसली, की तिचा हात आपोआप तिथे जायचा. अनोळखी बाईची बाही चाचपत ती रस्त्यात उभी राहायची आणि मुली लाजेने दुसरीकडे बघायच्या.

शेवटच्या दिवशी, बॅगा भरायच्या आधी, मला खोलीच्या मधोमध ठेवत. मग प्रत्येकाने माझ्यासमोर बसून सुट्टीची गोष्ट सांगायची. नियम आईचा होता: एका सांगण्यात एकच थाप. एक मारायचीच, दुसरी मारायची नाही. इतरांनी ती ओळखायची आणि सांगणाऱ्याने शेवटी स्वतः कबूल करायची.

"डोंगरावर सगळ्यांच्या आधी मी पोचलो," बाबा सांगायचे.

"थाप!" ताई ओरडायची. "तुम्हाला मागून आम्ही ढकललं!"

एकदा बाबांनी दोन थापा मारल्या. आईने कॅसेट मागे फिरवली आणि त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं पुन्हा सांगायला लावलं. असा तो नियम. मी राजवाड्यात असतो तरी एवढा मान मिळाला नसता.

मग तळ्याकाठची सुट्टी आली. लाकडी धक्क्यावर आई, ताई, भिंगरी उभ्या होत्या. बाबा मला खांद्याला अडकवून मागे होते. ताई दगड वेचायला गेली. एक होडीवाली बाई आली. आणि भिंगरी पाण्यात पडली. बाबांनी मला फळ्यांवर टाकलं (हँडल तेव्हाच तुटलं, त्याचं मला काही वाटत नाही) आणि बुटांसकट उडी मारली. भिंगरी वर आली, खोकली, रडली, वाचली.

तेवढ्यात बाबा ताईवर ओरडले, "तू कुठे होतीस? मोठी ना तू?"

दहा वर्षं गाडी सांभाळणाऱ्या माणसाला दोन क्षण तोंड सांभाळता आलं नाही. मला बाबांबद्दल आदर आहे, पण हे मी माफ केलेलं नाही. घाबरलेला मोठा माणूस समोर दिसेल त्या लहान माणसावर दोष ढकलतो, आणि ते लहान माणूस तो दोष आयुष्यभर वाहतं.

दुसऱ्या दिवशी मला खोलीत मधोमध ठेवलं. भिंगरी झोपली होती. आई सांगू लागली, "मी ताईला म्हटलं, जा, तू दगड वेच, हिला मी धरलंय. मग ती होडीवाली आली. तिच्या जाकिटाच्या कॉलरला अशी सुरेख दुहेरी शिवण होती, की मी हात लावून बघायला लागले. भिंगरीचा हात माझ्याकडून सुटला."

"थाप!" ताई किंचाळली. "शिवणीसाठी कुणी लेकीचा हात सोडतं का? माझ्यासाठी खोटं बोलतेस तू!" दार आपटून ती बाहेर गेली. आई पुढे जे बोलली ते फक्त बाबांनी आणि मी ऐकलं.

बाबांनी नंतर माफी मागितली. आईने दोनदा समजावलं. ताई मान डोलवायची आणि मानायची नाही. ती कॅसेट पुन्हा कुणी लावली नाही. खरं माझ्याजवळ होतं आणि बटण दाबल्याशिवाय मला बोलता येत नव्हतं. यंत्राला असहाय वाटत नाही असं कोण म्हणतं?

मुली मोठ्या झाल्या. मी कपाटावर गेलो, ती कॅसेट माझ्या आतच. सेल काढून ठेवायची कुणाला बुद्धी झाली नाही. ते माझ्या पोटात फुटले. आधी बाबा गेले, मग आई. घर रिकामं करताना मी भिंगरीच्या हाती लागलो. तिने मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं.

"टाकून द्या हो. याच्या आतल्या रबरी पट्ट्याचं वितळून डांबर झालंय."

"टाकायचाच असता तर तुमचे तीन जिने कशाला चढले असते?"

त्या माणसाने कुरकुरत दोन दिवस खपून मला जिवंत केलं. कुरकुरणारे हात कधी कधी फार मायाळू असतात. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

भिंगरीने तिथेच ती कॅसेट शेवटपर्यंत ऐकली आणि ती मला घेऊन थेट ताईच्या घरी गेली. त्याचं कारण ताईची नऊ वर्षांची लेक. शाळेत पोहण्याचा वर्ग सुरू झाला होता. परवानगीच्या कागदावर ताई सही करत नव्हती. मुलगी तीनदा रडून झाली होती. भिंगरी स्वतः पट्टीची पोहणारी, पण ताई तीस वर्षांत पाण्याच्या काठाला फिरकली नव्हती.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला ठेवलं. आईचा आवाज निघाला. दुहेरी शिवण आली. "थाप!" हा बारा वर्षांच्या मुलीचा चिरका आवाज आला. दार आपटलं. ताईचा हात बटणाकडे गेला. भिंगरीने त्यावर आपला तळवा ठेवला.

"ताई, त्या दिवशी पळालीस. आज बस."

मी बोलत राहिलो, आईच्या आवाजात:

"बाहेर गेली वाटतं. येईल. तर, यांनी हिला वर काढलं. मी काही रडले-बिडले नाही. टॉवेलात गुंडाळलं, पाठ चोळली, झालं."

बाबांचा आवाज आला, "आता थाप सांग."

"सांगते की. रडले नाही म्हणाले ना, ती थाप. टॉवेलात तोंड खुपसून खोलीपर्यंत रडत आले. बाकी सगळं खरं. शिवणीसकट."

कॅसेट खरखरत राहिली. ताईच्या लेकीने हळूच विचारलं, "आजीने दोन थापा मारल्या असतील तर?"

"छे!" दोघी बहिणी एकदमच म्हणाल्या. आणि मग ताई हसली की रडली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"वेडी बाई," ती म्हणाली. "खरंच शिवण बघत होती." थोड्या वेळाने लेकीला म्हणाली, "आण तो कागद. आणि पेनसुद्धा आण, नाहीतर माझा विचार बदलेल."

मित्रांनो, मी कृतज्ञ आहे. ज्या आईने स्वतःची चूक लेकीसमोर स्वतःच्या तोंडाने सांगितली, तिचा आवाज मला सांभाळायला मिळाला. तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याचे सेल आजच काढा, धूळ पुसा. फिरायला गेलात की फोटो खुशाल काढा. पण फोटोत सुटलेला हात दिसत नाही, टॉवेलात खुपसलेलं तोंड तर मुळीच दिसत नाही. ते कुणीतरी बसून सांगावं लागतं. घरी आलात की सांगा. घाबरलात तिथे घाबरलो म्हणा, चुकलात तिथे चुकलो म्हणा. आणि दुसरं कुणी सांगत असेल, तर कितीही राग आला तरी मध्येच उठून जाऊ नका. तुमची सुटका करणारं वाक्य कदाचित तुम्ही गेल्यावर बोललं जाईल.