एकोणसत्तर हर्ट्झ

पांढुर्ण्याच्या कार्यक्रमात मी अडीच तास बास गिटार वाजवली आणि तिचा एकही सूर लोकांपर्यंत पोहोचला नाही, हे मला सोळा दिवसांनी कळलं. तेही सौंसरच्या बसस्टँडसमोर, चहाच्या टपरीवर, बाबांच्या देखत.

बाबा म्हणजे मनोहर. नगरपालिकेच्या पंपहाऊसवर एकतीस वर्षं मोटारी चालवल्या, आणि जयंतीच्या दिवसांत भीमगीतांच्या पार्टीत ढोलक वाजवली. मोटारींनी त्यांच्या कानांचा वरचा भाग खाल्ला. कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येत नाही, बायकांचं बोलणं अर्धंच कळतं. मी एम.एस्सी.ला असताना फोनवरून एकेक सूर वाजवून त्यांचे कान तपासले होते. अडीच हजार हर्ट्झच्या वर काहीच नाही. पाचशेच्या खाली मात्र जवळजवळ माझ्याइतकंच स्वच्छ. घरात वाजवायला काही शिकायचं तर ते आम्हा दोघांना सारखंच ऐकू यायला हवं, एवढाच विचार करून मी नागपुरात बास गिटार उचलली.

सौंसरला परत आल्यावर ‘निळी पहाट’ ऑर्केस्ट्रात जागा मिळाली. पार्टी ऋषिकेशदादाची. गातोही तोच, कीबोर्डही त्याचाच. पांढुर्ण्याला बाबा दुसऱ्या रांगेत बसले होते. परतताना बसमध्ये त्यांनी पूर्ण वेळ माझा हात धरून ठेवला होता. नंतरचे पंधरा दिवस मोहल्ल्यात एकच विषय. “पोरीनं जमीन हालवली ना भाऊ! छातीत लागून राहिलं होतं!”

टपरीवरही ते हेच सांगत होते. ऋषिकेशदादा बाकावर बसून बिस्कीट बुडवत होता. शेजारी भूपेंद्र, साउंडवाला, आणि आणखी चार-पाच जण.

“काकाजी,” ऋषिकेशदादा हसला, “आता सांगूनच टाकतो. तो बास त माह्या डाव्या हाताचा होता.”

“काय म्हणतं?”

“कीबोर्डवरचा बास हो! हिची लाइन भूपेंद्रनं मिक्सरवर खाली ओढून ठेवली होती. नवी पोरगी, चुकली-बिकली त नाव माहं खराब. वाजवून राहिली होती, पण हवेत!” त्यानं हवेत बोटं नाचवून दाखवली.

सगळे हसले. भूपेंद्र माझ्याकडे न बघता म्हणाला, “मी काय, पार्टी सांगते ते करतो.”

बाबांनी ग्लास खाली ठेवला. बाकावर थोडा चहा सांडला होता, तो त्यांनी खांद्यावरच्या पंचाच्या टोकानं पुसला आणि म्हणाले, “हाव का.” एवढंच.

घरी मी गिटार काढली तर म्हणाले, “राहू दे. आता मले काय ऐकू येते न काय नाही, माहं मलेच समजत नाही.” त्यानंतर त्यांनी ढोलकही काढली नाही. मी कॅलेंडरवर मारलेल्या फुल्या मोजायच्या तर बेचाळीस दिवस.

मी पार्टी सोडली नाही. सोडली असती तर ऋषिकेशदादाला दुसरी कोणी मिळाली असती आणि गोष्ट टपरीवरच्या त्या हसण्यावर संपली असती. मी तालमीला वेळेवर जात राहिले. “जय भीम दादा” म्हणत राहिले. वहीत लिहीत राहिले.

वहीत पहिली नोंद त्याच्या सवयीची होती. ऋषिकेशदादा प्रत्येक गाणं काळी एकमध्ये गातो. त्याचा गळा तिथंच सुटतो, आणि दुसऱ्या पट्टीत गायला सांगितलं तर तो चिडतो. म्हणजे त्याचा डावा हात प्रत्येक मुखड्याला त्याच एका खालच्या सुरावर येऊन बसतो. त्या सुराची कंपनसंख्या एकोणसत्तर पूर्णांक तीन.

दुसरी नोंद समाजभवनाची. चौदा एप्रिलचा कार्यक्रम सौंसरच्या आमच्या समाजभवनात ठरला होता. हॉल साडेसात मीटर रुंद, दोन्ही भिंती सिमेंटच्या, मागे लोखंडी शटर. एका दुपारी चौकीदाराकडून किल्ली घेतली. नागपूरच्या मैत्रिणीकडून, चंचलकडून, पंधरा इंची स्पीकरचा बास अॅम्प आणला होता. त्याला फोन जोडला आणि चाळीस हर्ट्झपासून एक-एक हर्ट्झ चढवत गेले. प्रत्येक आकड्याला कोपऱ्यात, मधे आणि रांगांच्या जागी आवाजाचं माप घेतलं. चौसष्टपर्यंत काही नाही. सदुसष्टला हॉल फुगायला लागला. एकोणसत्तरला शटर थरथरलं आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्च्या कुजबुजल्यासारख्या वाजल्या. त्र्याहत्तरला पुन्हा सगळं शांत.

मी तिथेच फरशीवर बसले. भिंतींमधलं अंतर आणि त्याची पट्टी, दोन्ही नेमकी एका आकड्यावर जुळली होती. हे त्याला सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. मी किल्ली परत केली.

अडचण एवढीच होती की माझाही मूळ सूर तोच. म्हणून मी डबीत एक सर्किट बसवलं. बावीस आणि एक किलोओमचे रेझिस्टर, शून्य पूर्णांक एक मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, एक छोटी चिप. एवढ्यानं एकोणसत्तरच्या आसपासचा पट्टा कापला जातो. डबी स्टीलची, आईची जुनी पोळ्यांची. सुरात मूळ कंपन नसलं तरी त्याच्या दुप्पट-तिप्पट कंपनांवरून कान ते स्वतःच भरून काढतो, आणि ऐकणाऱ्याला सूर खालचाच वाटतो. त्या वरच्या कंपनांना उचलायला पुढे ओव्हरड्राइव्हचं पेडल लावलं, अगदी हलकं, आवाज फाटेल न फाटेल इतकंच. सगळे ठोके एकसारखे राहावेत म्हणून कॉम्प्रेसर. शेवटी इक्वलायझर, त्यात दीडशे थोडं वर, सातशे बरंच वर, तीन हजारांच्या वरचं सगळं खाली. ते माझ्या माणसाला ऐकू येणारच नव्हतं.

नव्या टोनचा पहिला श्रोता मिळवायला त्रास झाला. बाबा खाटेवर पाठ करून पडले होते. मी वाजवत राहिले. बऱ्याच वेळानं ते वळले.

“हे साफ येऊन राहिलं,” ते म्हणाले. “पहिले असं नव्हतं.”

“जयंतीला असंच वाजवणार, बाबा.”

“न मी कसं ओळखू तू वाजवून राहिली म्हणून? तवाही मले वाटलंच होतं.”

ते उठून बसले आणि गुडघ्यावर बोटांनी केरव्याचा ठेका धरला.

“असं कर व माय. आखरीचं गाणं. दुसरा अंतरा संपून मुखडा येते ना, तिथच्या समेवर वाजवू नको. एकच ठोका सोड. खड्डा पडला पाहिजे. मले खड्डा ऐकू आला त तू.”

“आणि नाही आला तर?”

“त मी उठून घरी येईन.”

त्यांची तपासणी माझ्यापेक्षा चांगली होती. पण त्यात एक भोक होतं. मी ठोका सोडला आणि त्याच क्षणी ऋषिकेशदादाचा डावा हात त्याच सुरावर पडला, तर खड्डा बुजणार होता. शेवटच्या गाण्यापर्यंत त्याचा डावा हात हॉलमधून जायलाच हवा होता. आता हा फक्त राग राहिला नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी मी अॅम्प स्टेजच्या कडेला ठेवला.

“हे काय खटारं आणलं?” ऋषिकेशदादानं विचारलं.

“मला माझंच ऐकू येत नाही दादा. पायाशी राहील.”

“ठेव, ठेव. लाइन त भूपेंद्रकडेच जाते,” तो म्हणाला आणि भूपेंद्रला डोळा मारला. मी बघितलं नाही असं त्याला वाटलं.

त्याच्या स्वतःच्या पायाशीही एक स्पीकर होता, कीबोर्डला थेट जोडलेला. मिक्सरवर काहीही झालं तरी त्याला तो स्वतः ऐकू येतच राहणार. हेही वहीत होतं.

संध्याकाळी सातला हॉल भरला. बाबा तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या शर्टात. वंदना झाली, भाषणं झाली, आणि पहिल्याच मुखड्याला ऋषिकेशदादाचा डावा हात काळी एकवर बसला.

हॉल फुगला. गाण्याचे शब्द त्यात बुडाले. मागचं शटर खडखडायला लागलं. दुसऱ्या गाण्यात बायका कानांवर पदर घेऊ लागल्या. तिसऱ्यात मागून कोणीतरी ओरडलं, “अबे, भजन हाय का पिठाची चक्की?” हशा पिकला. स्टेजवर तो गुंजारव पोहोचत नव्हता, तो जमत होता भिंतींशी आणि मागे. ऋषिकेशदादाला वाटलं लोक रंगात आले. त्यानं डावा हात अजून जोरानं दाबला.

भूपेंद्रनं घाम पुसत आधी सगळाच बास कमी केला, तर गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं झालं. पुन्हा वाढवला. मग त्याची नजर माझ्या अॅम्पवर गेली. त्यानं हात खाली-खाली केला, म्हणजे तुझं कमी कर.

मी दोन्ही हात तारांवरून उचलले आणि त्याला दिसतील असे वर धरले. गुंजारव तसाच चालू. मी मानेनं ऋषिकेशदादाच्या डाव्या हाताकडे दाखवलं.

भूपेंद्रनं एक सेकंद विचार केला. त्याच्याकडे कीबोर्डचा डावा-उजवा हात वेगळा करायला काही नव्हतं, सगळा कीबोर्ड मिक्सरच्या एकाच सरकत्या दांडीवर. त्यानं ती दांडी तळापर्यंत ओढली.

हॉल रिकामा झाल्यासारखा स्वच्छ झाला. गळा, ढोलक, आणि माझ्या अॅम्पातून येणारी बास. मागचा माणूस ओरडला, “हाव! आता कसं!”

ऋषिकेशदादा डोळे मिटून वाजवत होता. त्यानंतरची सहा गाणी तो वाजवत होता. मधे एकदा त्यानं कीबोर्डवर लांबलचक तान घेतली, बोटं वर उडवून शेवट केला आणि टाळ्यांची वाट पाहिली. टाळ्या आल्या नाहीत, कारण लोकांच्या दृष्टीनं तिथं काही घडलंच नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी गोड हसले. तेवढं हसू मी चाळीसेक दिवस जपून ठेवलं होतं.

मग शेवटचं गाणं. दुसरा अंतरा संपला. माझी बोटं तयार होती आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. भूपेंद्रनं दांडी परत वर केली असेल तर? मिक्सर मला दिसत नव्हता, समोर लोक उभे राहिले होते. सम आली. मी तळहात तारांवर दाबला.

खड्डा पडला. पायरी चुकल्यावर पोटात पडतो तसा, अख्ख्या हॉलला जाणवला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं दचकून वर बघितलं. दुसऱ्या मात्रेला मी परत आले.

बाबा उभे होते. दोन्ही हात वर, पंजे उघडे. त्या खड्ड्यावर हात वर करणारा हॉलमधला तो एकटाच माणूस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टपरीवर गेलो. मीच म्हटलं चला. ऋषिकेशदादा, भूपेंद्र, तीच मंडळी.

“काकाजी, काल माही ती तान ऐकली का?” ऋषिकेशदादा म्हणाला. “लोक एकदम चूप झाले होते.”

मी फोन काढला. रेकॉर्डिंग बाबांच्या खिशातल्या फोनवरचं होतं, तिसऱ्या रांगेतलं. ती तान जिथं होती तिथून लावलं. ढोलक. बास. कोणाचा तरी खोकला. एक लहान मूल पाणी मागत होतं. बाकी काही नाही.

“तुमची लाइन चौथ्या गाण्यापासून बंद होती दादा,” मी म्हटलं आणि हवेत बोटं नाचवली. त्यानं नाचवली होती तितकाच वेळ.

कोणीतरी फुसकन हसलं. ऋषिकेशदादाचे कान लाल झाले. “भूपेंद्र?”

“मी काय,” भूपेंद्र चहात बघत म्हणाला, “लोक चक्की चक्की म्हणून राहिले होते.”

“तुले माहीत होतं?” ऋषिकेशदादानं मला विचारलं.

“हो.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

“पांढुर्ण्याला तुम्ही कुठं सांगितलं होतं?”

बाबा मधे पडले नाहीत. त्यांनी दोन चहा सांगितले, आमच्या दोघांचेच, आणि बाकाच्या कडेवर बोटांनी केरवा धरला. घरी गेल्यावर त्यांनी ढोलक काढली, दोऱ्या ताणल्या, आणि पूर्ण दुपार आम्ही दोघं वाजवत बसलो.

मला वाईट वाटलं का, असं चंचलनं फोनवर विचारलं. मी खरंच शोधून पाहिलं. नाही सापडलं.

पुढच्या महिन्यात पौर्णिमेचा कार्यक्रम आहे, त्याच समाजभवनात. ऋषिकेशदादानं नवे स्पीकर भाड्यानं सांगितलेत, दोष स्पीकरचा होता म्हणतो. गाणी काळी एकऐवजी काळी दोनमध्ये घेतली तर त्याचा डावा हात अठ्ठ्याहत्तरवर जाईल आणि शटर हूं की चूं करणार नाही. वहीच्या शेवटच्या पानावर हे मी नीट लिहून ठेवलंय. वही माझ्याजवळ आहे.