टेस्टवाला माल

मित्रांनो, मी एक जुना बर्नर आहे, आणि स्वभावाने पक्का संशयी. एका वेल्डरने माझा चौकोनी डबा जोडला. पोटात वाळू भरली. खालून गॅस सोडला की वाळूतून ज्वाळा वर येते. स्वच्छतागृहांत आडोशाला जी पार्टिशनं लावतात, ती पेटतात का हे बघणं माझं काम. ती कोपऱ्यात उभी करायची आणि मला त्यांच्या पायाशी ठेवून पेटवायचं.

जन्मभर जाळपोळ केल्यावर विश्वास कोणावर राहणार? हसतमुख विक्रेत्यांवर तर नाहीच नाही. पूर्वी पाहुणे यायचे, माझं कौतुक करायचे. आता नवा चकचकीत बर्नर आलाय आणि माझ्यावर झाडू टेकवून ठेवतात. तो रुसला की मात्र माझी आठवण होते.

तसंच एकदा मला बाहेर काढलं. एक गोडबोल्या विक्रेता एका शाळेला पार्टिशनं पुरवणार होता. त्याच्या नमुन्याला मी मनापासून चटके दिले, पण पठ्ठ्या ढिम्म! जरासा काळवंडला, बस्स. आमच्या प्रयोगशाळेचे साहेब खूश झाले. "चला, पास करून टाका. त्यांची गाडी बाहेर खोळंबलीय."

मला काही हे पटेना. इतका गुणी नमुना? पण मला बोलता कुठे येतं!

चाचणी घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "अजून एकदा बघू. दुसरा संच आहे?"

"आहे की, ताई! टेस्टवाला माल गोदामात भरपूर आहे. लगेच मागवतो."

ताईंनी मान वर केली. "टेस्टवाला? मग शाळेवाला कोणता?"

विक्रेत्याचं तोंड एवढंसं झालं. "तसं नाही हो, आपली बोलायची पद्धत. माल एकच."

"एकच ना? मग गाडीतला उतरवा."

"अहो, तिकडे बसवायला माणसं थांबलीत!"

"कशाला उगाच फाटे फोडताय?" साहेब कुरकुरले.

"साहेब, याच्या आत लहान मुलं असणार. उतरवा."

गाडीतलं एक तयार दार माझ्यापुढे उभं केलं. मी पेटलो. थोड्या वेळाने ते मेणासारखं वितळायला लागलं. जळते थेंब फरशीवर पडले, त्यांचं थारोळं झालं आणि तेही पेटलं. ताईंनी गॅस बंद केला. मी विझलो, पण दार जळतच राहिलं. शेवटी साहेबांनीच धावत जाऊन अग्निशामक सिलिंडर आणून आग विझवली. माझा संशय खरा ठरला होता, पण आनंद कसला? मला भीती वाटली.

"एखादा पीस खराब निघतो हो," विक्रेता पुटपुटला. कोणी त्याच्याकडे बघितलंही नाही. गाडी शाळेत गेली नाही.

मित्रांनो, मी स्वतःसाठी काही मागत नाही. फक्त कोणी "माल एकच आहे" म्हणालं, की "दाखवा" म्हणत जा. लोक तुम्हाला संशयी म्हणतील, म्हणू देत.

त्या दाराला कडी आधीच बसवलेली होती, पहिलीतल्या मुलाचा हात पोचेल इतकी खाली. धूर ओसरल्यावर ताई तिच्यापाशी उकिडव्या बसल्या आणि पकडीने ती ओढून पाहिली. वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये ती घट्ट रुतली होती. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, तरी सरकली नाही.