बरणीतल्या पांढऱ्या चुऱ्याची घालमेल

मित्रांनो, मी एका जुन्या बरणीच्या तळाशी उरलेला पांढरा, मेणचट चुरा आहे. कारखान्यातलं माझं नाव एवढं लांबलचक, की ते सांगून होईस्तोवर तुम्हाला जांभई येईल. केस मऊ करणारा म्हणा, झालं.

बियांच्या तेलापासून मला घडवलं, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. धुतलेल्या केसांवर विजेचा बारीकसा ऋण भार असतो, माझ्यावर धन. त्यामुळे ओला केस दिसला की त्याला बिलगायला मी आसुसतो. मी बिलगलो की केसांची आपसातली भांडणं मिटतात आणि कंगवा सुळकन उतरतो. पण देवाने गुण दिला तशी त्याला मर्यादाही घातली. थोडासा मी पुष्कळ पाण्यात मुरलो, तर गरीब गाय. जास्त झालो, की कातडीची आग करतो, आणि डोळ्यात गेलो तर विचारूच नका.

माझी मालकीण केस कापायचं दुकान चालवते. मागच्या खोलीत ती मला गरम पाण्यात वितळवते, ढवळते, निववते आणि गिऱ्हाइकांसाठी मलई करते. नवी मलई आधी स्वतःच्या कोपराच्या आत लावायची आणि सकाळपर्यंत थांबायचं, हा तिचा नेम. बायका तिच्या हाताला नावाजत, आणि मी उगाच फुगत असे.

एके दुपारी तिचा थोरला भाऊ लेकीला घेऊन आला. पोरगी लांबलचक तापातून उठली होती. पडून पडून तिच्या वेणीचं मानेपाशी घरटं झालं होतं. परवा शाळा, आणि भाऊ एकच धोशा लावून बसलेला.

"कात्री काढ आणि मोकळी हो. केस काय, पुन्हा येतात."

"भादरलंत तर मी शाळेत जाणारच नाही," पोरगी भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

मालकीण पडली तिची आत्या. लाडकी भाची, एवढा मोठा गुंता, मग हात सढळ नको का? तिने नेहमीच्या मापावर आणखी दोन चमचे भरभरून ओतले. मी पातेल्यात तडफडत होतो. अगं, माझं बळ वाढवू नकोस, म्हणून ओरडावंसं वाटे. पण चुऱ्याला कुठली वाचा! मलई घट्ट, देखणी झाली. भाऊ म्हणाला, लाव आत्ताच, घरचंच तर माणूस. ती डबा उघडून क्षणभर थांबली, आणि शेवटी नेमाला जागली. रात्रभर मी तिच्या कोपरावर जळत राहिलो.

सकाळी तिथे लालभडक चट्टा होता. तिने सगळी मलई कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. मोरीत ओतली नाही, पुढे पाण्यातल्या जिवांना माझा त्रास होतो. भाऊ वैतागला. काल राबलीस, आज फेकलंस, मग मिळवलंस काय, असं त्याने विचारलं.

"माझ्या हाताला झालं ते हिच्या डोक्याला झालं असतं, दादा. लाड करताना माप विसरले. तू आता बाहेर बस. तुझ्या घाईने गाठ आणखी आवळते."

मग नेहमीच्या मापाची, आधी पारखून ठेवलेली मलई तिने काढली. पोरीच्या डोळ्यांवर फडकं दिलं आणि शेंड्याकडून वर, बट बट सोडवत गेली. दिवस कलला. एक गाठ काही सुटेना. ती कापावीच लागली. पोरगी कापलेली गाठ हातात घेऊन म्हणाली, "एवढीच ना?"

"एवढीच."

स्वच्छ पाण्याने आत्याने मला धुऊन काढलं. पाण्याबरोबर जाताना मला वाईट वाटलं खरं, पण केसांवर उरायला हवा तेवढा, नखभर, मी उरलो होतोच. पोरीने वेणी स्वतः घातली. थोडी वाकडीच.

मित्रांनो, बरणीत उरलेल्या माझी एवढीच विनवणी. प्रेम कितीही करा, मला मात्र मोजून घ्या. डोळ्यांपासून लांब ठेवा. आणि काम झालं की धुऊन टाका. मला राग येणार नाही.