ताटाला एक पोतं

"यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये," असं म्हणत फुंक्याने न्हाव्याच्या खुर्चीत बूड टेकवलं. जन्मभर काचेच्या कारखान्यात नळी फुंकून बाटल्या फुगवल्या, म्हणून हे नाव. आता चार पायऱ्या चढला तरी भात्यासारखा वाजायचा.

त्याला घरी न्यायला आलेली मुलगी दाराशी उभी होती. म्हातारा तिच्याकडेच राहायचा. दोन्ही वेळा ती त्याला गरम ताट वाढायची, पण तो जेवत असताना समोर कधी बसायची नाही. का, ते त्याने विचारलं नव्हतं.

"छाती कामातून गेली तेव्हा मालक म्हणाला, तुला वर्षाशन देतो. कारकुनाने फोड करून सांगितली: अशन म्हणजे अन्न. जुन्या काळी माणसाला वर्षाचं अन्न बांधून द्यायचे, पुढे त्याचे पैसे झाले. मालकाला ते फार आवडलं. म्हणाला, मग पैसे कशाला, अन्नच देऊ. पण हा गडी खातो किती? मोजा."

"म्हणजे?"

"म्हणजे वर्षातून एकदा कचेरीत जेवायला बसायचं. समोर कारकून. जेवढी ताटं रिकामी, तेवढी पोती धान्य. ताटाला एक पोतं. मी तीन दिवस आधीपासून उपाशी. पहिल्या वर्षी सहा, मग आठ, मग नऊ. कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं."

"आणि ढेकर आला तर?"

"ढेकर आला की मोजणी बंद. म्हणून तर सात वर्षं मी ढेकर दिला नाही."

न्हावी इतका हसला की त्याला वस्तरा बाजूला ठेवावा लागला. मुलगी हसली नाही.

फुंक्याने आवाज उतरवला, पण दारापर्यंत जाईल एवढाच. "हिची आई गेली, ती नेमकी त्याच दिवशी पहाटे. कारकून म्हणाला, दिवस बदलता येत नाही. गेलो. ताट समोर आलं. पण घास काही उचलवेना, गड्या. ताट सरकवलं आणि उठलो. म्हटलं, घाला चुलीत तुमचं वर्षाशन."

न्हाव्याने मान हलवली. फुंक्याने आरशातून मुलीकडे पाहिलं. तेव्हा सात वर्षांची होती. तिला काय आठवणार. बाकीच्या थापा गेल्या उडत, एवढी एक गोष्ट तिने खरी मानली की झालं.

"बाबा," ती म्हणाली, "त्या वर्षी बारा पोती आली. जागा नव्हती म्हणून आईची खाट उचलून तिथे रचलीत तुम्ही. मी वर्षभर त्यांच्यावरच झोपले."