वड्यांच्या कपाटातली सुतळी

मी एक जुने काचेचे कपाट आहे. मुरुडच्या एस.टी. स्टँडजवळ रावजींच्या हॉटेलात ज्यांनी गरम वडा खाल्ला, त्यांनी मला पाहिले असेल. निदान माझ्यातून वड्यांकडे तरी पाहिले असेल. काचेचा जन्मच तसा असतो, मित्रांनो. लोक आपल्यातून पलीकडे बघतात आणि आपण तेच आपले कौतुक समजतो.

अलिबागच्या एका कारागिराने मला घडवले. ॲल्युमिनियमची चौकट, तीन बाजूंना काच, मागे सरकती दारे, वाफ जायला भोकांची एक ओळ आणि छताला एक मोठा पिवळा बल्ब. माझ्यात कुठल्याही कोपऱ्यात ठेवलेला वडा सारखाच गरम राही, याचा मला फार तोरा होता. रावजी कधी माप बघत नसत. येता-जाता काचेला तळहात लावत. ऊब कमी वाटली तर भोकांत फडक्याचे बोळे कोंबत आणि वरून चादर टाकत. त्यांचे सारे आयुष्य उकळत्या कढईपाशी गेले होते. झारा हाताशी नसला तर तेलातून निथळणारा वडा ते सरळ बोटांनी उचलत. गिऱ्हाइके म्हणत, "हात कसला, चिमटा हाय तो." रावजी मिशीत हसत.

पुढे गुडघे गेले आणि हॉटेल बंद झाले. मी त्यांच्या घराच्या पडवीत आले. माझ्यात कांदे राहिले, चपला राहिल्या, एकदा तर मांजर व्याली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

रावजीही माझ्यासारखेच मागे पडले होते. त्यांची नात कल्पिता आईवेगळी पोर. तिला त्यांनीच वाढवले होते. पनवेलच्या एका औषधांच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर तिचे येणे कमी झाले आणि फोनही कधीमधी येऊ लागला. रावजी तक्रार करत नसत. नुसते फोन उशाशी घेऊन बसत.

गेल्या दिवाळीनंतर ती अचानक आली, ती एक डबा घेऊन. डब्यात सापाचे पिल्लू होते. आफ्रिकेतल्या छोट्या अजगरांच्या जातीचे, सरकारी नोंद करून रीतसर घेतलेले. ते बोटाएवढे जाड होते, म्हणून नाव सुतळी. पनवेलच्या घरमालकाने साप की खोली, असा प्रश्न टाकला होता. दुसरी खोली मिळेपर्यंत सुतळी मुरुडला राहणार होती आणि तिच्यासाठी निवड झाली माझी. शेजारच्या तुळशीकाकू दारातूनच म्हणाल्या, "कालपर्यंत वडे व्हते, आता साप. रावजी, उद्या काय काढशील यातनं?"

कल्पिताने मला घासूनपुसून लख्ख केले. दारांना खिटी लावली. बल्ब काढून पडवीतल्या टेबलाच्या खणात टाकला, कारण उघड्या बल्बला साप वेटोळे घालतो आणि भाजून निघतो. होल्डर मात्र तसाच राहिला. मग तिने माझ्या एकाच बाजूला तळाखाली तापणारी पट्टी बसवली. पट्टीला एक यंत्र जोडले. ठरलेली ऊब आली की ते पट्टी आपोआप बंद करी. दोन टोकांना दोन तापमापक लावले. उबेच्या बाजूला बत्तीस अंश आणि दुसऱ्या बाजूला सव्वीस. दोन्हीकडे लपायला करवंट्या ठेवल्या, मध्ये पाण्याची वाटी.

खरे सांगते, मला राग आला होता. माझ्यात गार कोपरा म्हणजे माझी नामुष्कीच! पण कल्पिता रावजींना समजावत होती ते मीही ऐकले. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. तो ती बाहेरून घेतो आणि पुरे झाली की गार बाजूला सरकतो. सरकायला जागा नसेल तर त्याला ना ओरडता येते, ना घाम येतो.

ती नोकरीवर परत गेली आणि तिचा रोज फोन येऊ लागला. सुतळी काय करते, कुठे बसली, कात टाकली का. रावजी माझ्यासमोर खुर्ची टाकून बसत आणि सगळे रंगवून सांगत. बोलता बोलता मग जेवलास का, गुडघा कसा आहे, हेही निघे. त्या बोटभर पिल्लाने आजोबाला नात परत आणून दिली होती. म्हणून रावजींना एकच धास्ती होती. सुतळीला काही झाले तर फोनही गेला.

पौषातली ती सकाळ गारठ्याची होती. सुतळी खाऊन गार बाजूच्या करवंटीखाली निवांत पडली होती. रावजींनी खिटी काढून तिला बोट लावले. ती त्यांना गार लागली आणि हलेना. ते घाबरले. "गारठली गो पोर," असे पुटपुटत त्यांनी खणातला बल्ब काढला आणि होल्डरला लावला. मग सवयीने भोकांत बोळे कोंबले, वरून चादर टाकली आणि माझ्या काचेला तळहात लावला. त्यांना ऊब जेमतेमच वाटली. म्हणून दुसरी चादरही आली.

माझा गार कोपरा तासाभरात नाहीसा झाला. मी पुन्हा वड्यांचे कपाट झाले. सुतळी करवंटीतून निघाली, वाटीतल्या पाण्यात बसली, तिथूनही निघाली. काचेला नाक घासत ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहिली. रावजी चादरीचे टोक वर करून बघत आणि सुखावत. मला सगळे दिसत होते, मित्रांनो, आणि मला तोंड नव्हते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत कल्पिताचा फोन आला. रावजी आनंदाने म्हणाले, "सकाली गारठली व्हती, मी बल्ब लावला. आता बघ कशी खेलते हाय."

मग ती म्हणाली, "आबा, ती खेळत नाहीये. ती पळायला जागा शोधतेय."

तिने आकडा विचारला. गार बाजूला एक्केचाळीस होते. रावजींनी बल्ब विझवला, चादरी ओढल्या, दारे सताड उघडली. तिने सांगितल्याप्रमाणे सुतळीला उचलून आतल्या गार खोलीत नेले. ती त्यांच्या तळहातावर खरोखरच सुतळीसारखी लोंबत होती. कल्पिता संध्याकाळच्या एस.टी.ने पोहोचली, तोवर सगळे संपले होते.

माडाखाली खड्डा खणून तिने सुतळीला पुरले. हात धुऊन चहा केला आणि उकळत्या चहाचा स्टीलचा पेला ओढणीत धरून रावजींपुढे नेला. रावजींनी तो उघड्या हाताने घेतला आणि तसाच धरून बसले. "हात लावून बघितला व्हता गो मी," ते म्हणाले. "निसता कोमट व्हता."

कल्पिता त्या हाताकडे बघत राहिली. मग खाली बसून रडू लागली.

ती रागावली नाही, पण फोन पुन्हा कधीमधीच येतो. बरा आहेस ना, एवढे विचारून बंद होतो. तापमापक तिने नेले नाहीत. सेल संपले आणि आकडे मावळले. माझ्यात आता चुलीसाठी सोललेल्या नारळांची सोडणे भरली आहेत. रावजी संध्याकाळी पडवीत येतात आणि सवयीने माझ्या काचेला तळहात लावतात. मी गार असते. तेही त्यांना कळते की नाही, कोण जाणे.

मित्रांनो, माया आंधळी असते म्हणतात. मला वाटते, तिचे हातही भाजलेले असतात. मुका जीव घरी आणायचाच असेल तर तुमच्या हातावर विसंबू नका, मापावर विसंबा. आणि त्याला ऊब देण्याआधी, ती नको झाली तर सरकायला एक गार कोपरा नक्की ठेवा. माझ्यात तो होता. दोन चादरींखाली तो गेला.