अकरा माळांच्या आत

"लांबच्या वाटंला लागशील तवा माझ्या धुरपदाला मागं ठिवू नगं, सुनबाई. शब्द दे."

सासूबाई हे बोलल्या तेव्हा त्यांना कूसही बदलवत नव्हती. मी त्यांच्या तळव्यावर तुळशीचं पान ठेवलं आणि शब्द दिला.

धुरपदा माझी नणंद. तिचे यजमान रेल्वेत होते. पास निघायचे, पण ड्यूटी सुटायची नाही. यजमान गेले, आता ती दौंडला स्टेशनाजवळ एका खोलीत एकटी राहते. "गाड्यांच्या पाट्या पाठ झाल्या बघा वैनी, गावं तेवढी बघायची राहिली," असं हसून म्हणते.

माझं सकाळचं मौन असतं. अकरा माळा होईपर्यंत तोंडातून नामाशिवाय काही काढायचं नाही. नऊ वर्षांत मी ते एकदाही मोडलेलं नव्हतं.

त्या रविवारी सातवी माळ चालू होती. आमचा सत्यजीत सणसवाडीच्या कंपनीत आहे, त्याला आठ दिवसांची रजा मंजूर झाली होती. देवघराच्या दारातच तो फोन घेऊन बसला.

"बंगळूर दोन दिवस, म्हैसूर तीन. मधी नंदीच्या डोंगरावर सूर्योदय, मग कूर्गचा घाट, धबधबा, कॉफीचे मळे. गाडी दौंडवरनं. आप्पा, पाचच शिटा दिसत्यात, बोला पटकन."

"आत्यांचं काय?" सायलीनं, आमच्या सुनेनं, विचारलं.

"आत्या? महाबळेश्वरला तीनदा गाडी थांबवली तिनं. कूर्गच्या घाटात आपण धबधबा बघायचा का लिंबं शोधत फिरायचं?"

हे हसले. "तिचं पोट घाटाला सोसत न्हाई, व्हय."

"आई, चौघांचीच काढू ना?"

मी हात वर केला. थांब, एवढंच सांगायचं होतं.

"हां, आईनं आशीर्वाद दिला. झालं!" आणि त्यानं बोट टेकवलं.

माळ हातातच राहिली. एक शब्द बोलले असते तर पाचवं तिकीट निघालं असतं. नाही बोलले. उरलेल्या चार माळा ओढल्या कशाबशा, आणि मग विचारलं, "वन्संचं काढ ना रे."

"आता वेटिंग हाय आई, साठच्या वर. आन् दौंडला गाडीत चढल्यावर खिडकीत बसू नकोस. आत्या फलाटावर भाजी घ्यायला येती."

त्यानंतर रोज संध्याकाळी धुरपदाचा फोन यायचा. "सत्याला सुट्टी मिळाली म्हनं? कुठं निघालाय काय?" मी म्हणायची, "बघू." खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. नैवेद्याचं ताट वाढताना हात जड व्हायचा.

निघायच्या दोन दिवस आधी, ताटावर बसलेल्या ह्यांना मी म्हटलं, "धुरपदा वन्संच्या मालकांनी एकदा सांगितलं होतं. भावाचं तिकीट बहिणीच्या नावावर होतं. गाडीच्या चोवीस तास आधी रिझर्वेशनला अर्ज द्यावा लागतो."

"मग तुझं दे की."

"नणंद-भावजय रेल्वेच्या यादीत नाही. भाऊ-बहीण आहे."

त्यांनी ताट बाजूला सारलं. म्हैसूरचा राजवाडा बघायचा म्हणून ह्यांनी शिरूरच्या बाजारातून नवे बूट आणले होते. रोज घालून अंगणात फिरायचे, चावू नयेत म्हणून.

"डोकं फिरलंय तुझं," एवढंच बोलून ते गोठ्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळेला बसले. गाडी उद्या दुपारी एकची. म्हणजे अर्ज आज एकच्या आत पोचायला हवा. घड्याळात सव्वासात. माळा संपायला साडेआठ होणार, आणि दौंडची एसटी आठला. तिच्या नंतरची पोचेपर्यंत खिडकीवर एक वाजून जाणार.

तिसरी माळ चालू असताना हे आले. समईशेजारी त्यांनी कागद ठेवला. अर्ज, खाली ह्यांची 'मच्छिंद्र' अशी वाकडी सही, ह्यांचं आधार, तिकिटाचा कागद, आणि ज्यावर भाऊ-बहीण दोघांचीही नावं आहेत ते सासूबाईंच्या वेळचं रेशनकार्ड.

"गुरं कोन बघनार हुतं न्हाईतरी," दाराकडे बघत ते म्हणाले. "मलाच धारा काढायला उशीर झालाय, न्हाईतर मीच गेलो असतो. तिला सांग, लिंबं घिऊन ये म्हनावं."

आतल्या खोलीतून सत्यजीतचा आवाज आला, "आप्पा, हे काय चाललंय? आई, तू तरी सांग की!"

हात वर केला तर काय होतं ते मला माहीत होतं.

माळेचा मणी बोटात धरला होता, तिथंच दोरा बांधून खूण केली. देवापुढं डोकं टेकलं. कागद पिशवीत घातले.

"मी दौंडला जाऊन येते," मी म्हटलं.

नऊ वर्षांत त्या वेळेला माझा आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. सत्यजीत दारातच थबकला. सायलीनं पुढं होऊन माझी चप्पल सरळ करून ठेवली.

स्टँडचा रस्ता दहा मिनिटांचा, एसटीला अजून वेळ होता. मी हळू पाऊल टाकत निघाले.