रंगाऱ्याच्या घरची शिडी

मी शिडी आहे. भिंतीला टेकून उभी राहणारी नव्हे, दोन्हीकडे पाय फाकवून आपल्या बळावर उभी राहणारी. रंगारी लोक मला लाडानं घोडी म्हणतात. मी दाणापाणी मागत नाही, लाथ मारत नाही आणि जिथे उभी करतील तिथेच उभी राहते, म्हणजे खऱ्या घोडीपेक्षा बरीच म्हणायची. आज सुट्टीचा शेवटचा दिवस आहे. मुलं दप्तरं शोधताहेत. कुणाचं माझ्याकडे लक्ष नाही, तेवढ्यात माझं सांगून घेते.

मला एका म्हाताऱ्या सुतारानं केलं. एक बेकरी बंद पडली होती, तिथल्या फळ्या त्याच्याकडे आल्या होत्या. त्यातून मी झाले. सुरुवातीचे काही महिने माझ्या अंगाला भाजलेल्या पावाचा वास यायचा आणि मुंग्या उगीच चढून निराश होऊन उतरायच्या. शेवटची पायरी ठोकल्यावर सुतार स्वतः तिच्यावर चढला, दोनदा दणादण नाचला आणि म्हणाला, "मी मोडेन, ही मोडायची नाही."

मला घेऊन गेला तो एक पोरगेला रंगारी. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. मला सायकलवर आडवी बांधून तो निघाला, तेव्हा अर्ध्या रस्त्यानं त्याला शिव्या घातल्या. तो प्रत्येकाला "हो काका, हो काका" म्हणत पुढे जात राहिला. तेव्हाच मला कळलं, माणूस भांडकुदळ नाही.

त्याच्याबरोबर मी किती घरं पाहिली, त्याला गणती नाही. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. माणसं छताकडे बघत नाहीत. वर कुणी उभं आहे हे विसरून खाली भांडतात, फोनवर रडतात, पथ्यावरचे आजोबा कपाटातली साखर चोरून खातात. असं काही सुरू झालं की माझा रंगारी ब्रश जरा जोरात चालवायचा, म्हणजे आपण कामात आहोत, आपल्याला काही ऐकू येत नाही, असं त्यांना वाटावं.

आमचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्याची बायको खिडकीशी मशीन ठेवून लोकांचे कपडे लहानमोठे करून देते. घरात थोरली मुलगी आहे, ती यंदा कॉलेजात गेली. धाकटा टिल्लू अजून दुसरीत आहे. आणि भिंतींचं म्हणाल तर बायकोचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "गावभर रंग आणि घरात पोपडे." तो हसायचा आणि म्हणायचा, "सुट्टीत करू."

सुट्टी म्हणजे सहामाही परीक्षेनंतरची. हवेत गारवा येतो, सकाळी फरशी पायाला गार लागते, पोरं उशिरापर्यंत लोळतात आणि आई त्यांच्या अंगावरची पांघरुणं ओढते. वर्षभर मी कामाला जाते, पण ह्या दिवसांत घरीच असते. टिल्लू माझ्यावर चादर टाकून तंबू करतो. कधी मी जहाज होते, कधी दुकान. एकदा तर मी दवाखाना झाले होते आणि थोरलीच्या बाहुलीचं पोट माझ्या दुसऱ्या पायरीवर फाडलं गेलं. त्यावरून झालेली मारामारी अजून माझ्या कानात आहे. भिंती मात्र तशाच राहायच्या. सुट्टी भुर्रकन संपायची.

यंदा बायकोनं पदर खोचला. आत्या राहायला येणार होती. आत्या म्हणजे रंगाऱ्याची थोरली बहीण, शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक बघते, त्यामुळे तिचा आवाज नेहमीच शंभर मुलांना ऐकू जाईल एवढा असतो. "ताई यायच्या आत रंग झाला नाही," बायको म्हणाली, "तर मी त्यांच्याबरोबर वसतिगृहात राहायला जाईन."

रंगारी हसला, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. मला त्याचं कारण ठाऊक होतं.

उन्हाळ्यापासून त्याचे पाय माझ्यावर बदलले होते. आधी तो चढायचा तेव्हा पायऱ्या न बघता चढायचा, जिना चढावा तसा. आता त्याचा डावा पाय पुढची पायरी चाचपडत शोधायचा. निम्म्याच्या वर गेलं की तो थांबायचा, दोन्ही हातांनी मला घट्ट धरायचा आणि कपाळ माझ्या माथ्यावर टेकवायचा. खालच्यांना वाटायचं, हा भिंत बारकाईनं बघतोय. मला त्याच्या हातांचा घाम कळायचा. हळूहळू त्यानं छताची कामं सोडली. दारं, खिडक्या, कठडे, एवढीच कामं घेऊ लागला.

"हल्ली नुसती दारंच?" बायकोनं एकदा विचारलं होतं.

"लोकांना दारंच आवडायला लागलीत," तो म्हणाला होता.

मला बोलता येत असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

तर यंदा रंग ठरला. थोरलीनं भिंतींसाठी लिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा निवडला. टिल्लूला छत निळं हवं होतं आणि त्यात विमान हवं होतं. बरीच घासाघीस होऊन विमान रद्द झालं, निळा राहिला. सामान खोल्यांच्या मधोमध आलं, त्यावर जुन्या चादरी पडल्या. कपाटामागे एक कंगवा, खेळण्यातल्या मोटारीची दोन चाकं आणि एक लाडू झालेला मोजा सापडला. त्या मोज्याचा दुसरा भाऊ बायकोनं वर्षभर जपून ठेवला होता आणि मागच्याच आठवड्यात फेकला होता. ती बराच वेळ त्या मोज्याकडे बघत बसली.

आत्या आली तेव्हा रंगारी उकिडवा बसून भिंतीचा खालचा भाग खरवडत होता. एक दिवस खालचंच चाललं. दुसऱ्या दिवशीही खालचंच.

"रंग वरून खाली करत येतात, हे मला तुम्हीच शिकवलंत ना?" बायको म्हणाली.

"ही भिंत ओली आहे. तिचं खालून करावं लागतं."

"मग छत तरी करा. ते काही ओलं नाही."

"उद्या."

बायकोनं हातातलं फडकं बादलीत टाकलं, जरा जोरातच. पाणी उडालं. आत्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि भावाला म्हणाली, "अरे, पोरगं कालपासून निळ्या रंगाच्या डब्यापाशी बसलंय. एक हात मार की. की मी चढू? मी चढले तर ही शिडीच रडेल."

सगळे हसले. आता नाही म्हणायला जागा राहिली नाही. त्यानं डबा घेतला, ब्रश घेतला, माझ्या पायांमधला दोर ताणून पाहिला आणि चढला.

पहिल्या काही पायऱ्या ठीक गेल्या. मग त्यानं छताकडे बघायला मान वर केली आणि त्याच क्षणी त्याचा तोल गेला. मला ते स्पष्ट कळलं. ब्रश पडला, डबा पडला, चादरीवर निळं तळं झालं. तो माझ्यावरून घसरला, हनुवटी पायरीला घासली गेली आणि मग त्याच्या हातांनी मला मिठी मारली. मी लाकूड आहे. पुढे होऊन त्याला सावरणं मला शक्य नव्हतं. फक्त हलायचं नाही, एवढंच माझ्या हातात होतं. मी चारही पाय फरशीत रोवले. दोर कुरकुरला, पण धरून राहिला.

तो तसाच, एकेक पायरी चाचपडत खाली आला आणि उलट्या डब्यावर बसला.

"काही नाही, पाय घसरला," तो म्हणाला. चेहरा चुन्यासारखा झाला होता.

बायको आरडाओरडा करणारी नाही. तिनं आत्याला फक्त एवढंच म्हटलं, "ताई, मुलांना घेऊन जरा पाव आणता का?" आत्यानं एक अक्षर न विचारता चपला पायात घातल्या. टिल्लूला तर ओढतच न्यावं लागलं.

दार लागल्यावर बायको माझ्या पहिल्या पायरीवर येऊन बसली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मी काही तुमचं गिऱ्हाईक नाही, थापा मारायला."

त्यानं फडकं उचलून हनुवटीला लावलं. मग म्हणाला, "उन्हाळ्यापासून. मान वर केली की भिंत फिरते. आधी वाटलं, उपाशी पोटी चढलो म्हणून असेल. मग जेवून गेलो. तरी फिरली."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही."

"काय सांगू? रंगाऱ्याला शिडीची भीती वाटते, असं सांगू? लोक हसतील. आणि काम कोण देईल? तू काळजीनं अर्धी होशील, ते वेगळंच."

"काळजी काय, ती मी करतच होते." ती म्हणाली. "मला काय वाटत होतं ठाऊक आहे? तुमचं ह्या घरातून मन उडालंय. रंग म्हटलं की उद्या, छत म्हटलं की परवा. म्हटलं, दुसऱ्यांची घरं सजवून सजवून ह्यांना आपलं घर आवडेनासं झालं. रोज मशीनवर बसून हेच उसवत होते आणि हेच शिवत होते."

त्यानं मान उचलून तिच्याकडे पाहिलं. असं काही ती मनात घेऊन बसली असेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"वेडी आहेस," तो म्हणाला.

"असेन. पण वेडीलाही कुणीतरी सांगावं लागतं ना."

मग ती उठली, त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि स्वतः त्याची हनुवटी पुसली. पुसता पुसता फडक्यातला निळा रंग त्याच्या गालाला लागला, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पाव आला. टिल्लूनं बापाकडे निरखून पाहिलं. "बाबा, तुला लागलंय?"

"रंग आहे रे."

"गालावर रंग आहे. हनुवटीवर रक्त आहे."

ह्या पोराला फसवणं अवघड. मग बापानं दोन्ही मुलांना जवळ बसवून खरं ते सांगितलं. थोरली त्याला आणखी खेटून बसली. आत्या म्हणाली, "उद्या दवाखान्यात मी बरोबर येते. नाहीतर हा दारावरून परत येईल. लहानपणी टोचायला नेलं तेव्हा असाच खिडकीतून पळाला होता."

दवाखान्यात काय झालं ते दोघं परत आल्यावर मी ऐकलं. डॉक्टरीण बाईंनी त्याला आडवं निजवून डोकं एकदा ह्या कुशीला, एकदा त्या कुशीला असं वळवलं. कानाच्या आत तोल सांभाळणारी जागा असते म्हणे, तिथे बिघाड होता. बरं होईल, पण पुन्हा दाखवायला यावं लागेल आणि नंतर कधी उलटूही शकतं, असं त्यांनी साफ सांगितलं. तोवर शिडी बंद.

"म्हणजे मी म्हातारा झालो नाही," रंगारी म्हणाला.

"झालायस," आत्या म्हणाली, "पण त्याला औषध नाही."

प्रश्न छताचा राहिला. थोरलीनं केस बांधले, बापाचा जुना सदरा चढवला आणि माझ्यावर पाय ठेवला. तिचं वजन मला नवं होतं, हलकं आणि घाबरलेलं. रंगाऱ्यानं खाली उभं राहून मला दोन्ही हातांनी धरलं. इतकी वर्षं त्याचे पाय माझ्या अंगावर होते, हात असे कधी नव्हते. त्याला मान वर करायची मनाई, म्हणून तो समोरच्या पायरीकडे बघत नुसता ऐकत होता.

"ब्रश कोरडा वाजतोय. बुडव."

"आता?"

"आता ठीक. एका दिशेनं ओढ. घाई कुणाची आहे?"

"बाबा, डाग पडला."

"पडू दे. सुकला की दुसरा हात मारू."

दिवसभर असं चाललं. आत्यानं चहावर चहा केला. बायकोनं खालच्या भिंती घेतल्या. टिल्लूला एक कोपरा दिला होता, तिथे त्यानं कुणाचं लक्ष नसताना विमान काढलं. दोन पंख कमीजास्त, शेपूट मोठी. थोरली ते पुसायला निघाली तर रंगाऱ्यानं तिला थांबवलं. छतात जागोजाग ठिगळं आहेत, कुणी जाणकार आला तर नाक मुरडेल. पण रात्रीच्या जेवणाला चौघं आणि आत्या खाली सतरंजीवर बसले, तेव्हा प्रत्येकानं निदान एकदा वर पाहिलं. रंगाऱ्यानंही पाहिलं, भिंतीला पाठ टेकून, अगदी सावकाश.

दोन दिवसांनी बायकोच्या सांगण्यावरून तो आपल्या जोडीदाराला भेटायला गेला. दोघं मिळून मोठी कामं घेतात. सांगायला त्याला फार जड गेलं असणार, कारण जाताना त्यानं दोनदा चपला काढल्या आणि दोनदा घातल्या. परत आला तो मोकळा होऊन. जोडीदार म्हणाला होता, "तू छतं सोडून दारांवर आलास तेव्हाच मला शंका आली. विचारलं असतं तर तू चिडला असतास. छतं मी बघतो, खालचं तू बघ. दारं तुझ्यासारखी माझ्या हातून होत नाहीत." एवढ्याशा गोष्टीसाठी माणसानं किती महिने घामानं माझं अंग ओलं केलं.

आज सकाळी आत्या गेली. जाताना भावाला म्हणाली, "गोळ्या घे," आणि भावजयीला म्हणाली, "घेतो का बघ." उद्यापासून शाळा. मशीन पुन्हा खिडकीशी गेली. मला गॅलरीत नेऊन ठेवायचं चाललं होतं. मी अजून धडधाकट आहे, एक खिळा तेवढा ढिला झालाय. आपल्या घरातही माझ्यासारखी कुणी असेल, तर तिचे खिळे अधूनमधून बघत जा. आणि तिच्यावर चढणाऱ्या माणसाचे पाय कधी अडखळले तर त्याला विचारा. आम्हाला कळतं, पण सांगता येत नाही.

एवढ्यात दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरचे एकटे राहणारे मास्तर आले होते. पडद्याचा दांडा निसटलाय म्हणाले, घटकाभर शिडी मिळेल का.

"न्या की," रंगारी म्हणाला. त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि जिन्याकडे वळले. तसा त्यानं मागून आवाज दिला, "मास्तर, खाली धरायला कुणी आहे का?"

"कोण असणार? मी एकटाच."

"मग थांबा," तो म्हणाला, "मी येतो."